अनुभव धागा : बायबलच्या वचनातलं शहाणपण रोजच्या व्यवहारात कसं आणता?

कोकणपट्टीतल्या भावाबहिणींनो, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं, हे याकोबाच्या पत्रात (१:५, म्हणजे अध्याय १, ओळ ५) सगळ्यांनीच वाचलंय. मागितल्यावर काय करायचं? जामीनकी, मापतोल, भावकी, हंगाम, ज्यात तुमचा हात बसलाय त्यावर लिहा. साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, पुढे कधीतरी, आज रीत सांगा.

वेंगुर्ला, शिक्षिका

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणून जी तारीख तो अध्याय. पहिले ९ अध्याय सलग उपदेशाचे, ते पूर्ण वाचावेत. दहाव्यापासून जवळजवळ प्रत्येक ओळ सुटी आहे. तिथे अख्खा अध्याय एका दमात उरकला तर हाताला काही लागत नाही. एकच ओळ वहीत उतरवावी आणि खाली लिहावं : आज कोणाशी बोलताना, कुठल्या कामात. हमखास चुकतं ते इथेच, ओळ जावेसाठी निवडली जाते!

२६:४ आणि २६:५ लागोपाठ वाचा. मूर्खाला त्याच्यासारखं उत्तर देऊ नको, असं एक सांगतं. दे, असं दुसरं. प्रसंग कुठला ते आपण ओळखायचं. ही वचनं हमीपत्रासारखी वाटायला लागली, की सोबत ईयोब, म्हणजे सरळ वागूनही दुःख भोगणाऱ्या माणसाचं पुस्तक, वाचायला घ्यावं.

रत्नागिरी, पतसंस्थेत कर्जवसुली

नीतिसूत्रे ६:१-५ आणि २२:२६-२७ जामीनकीबद्दल आहेत. वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्याला त्यातलं अक्षर न् अक्षर पटतं. जामीनदार म्हणजे नुसती ओळख देणारा, असा लोकांचा समज असतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. संस्थेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकायला हवी, असंही नाही.

म्हणून सही मागायला कोणी ओटीवर आलं, तर चहा द्यावा, शब्द देऊ नये. रक्कम, हप्ता, मुदत, आधीची कर्जं, दुसरा जामीनदार कोण, हे विचारून घ्यावं. मग घरात हिशेब करावा : त्याने एकही हप्ता भरला नाही, तर सगळं आपल्याला फेडता येईल का? येत नसेल तर, "काका, सही जमायची नाही, पण हे पाच हजार ठेवा, परत करू नका." काका गणपतीपर्यंत... माफ करा, आपल्यात नाताळपर्यंत बोलणार नाहीत. चालेल.

सही होऊन गेली असेल, तर झोपू नको, आजच जाऊन गळ घाल, असं सहावा अध्याय सांगतो. कर्ज उचललं गेल्यावर नुसत्या अर्जाने नाव निघत नाही. बदली जामीनदार आणि संस्थेची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत दर महिन्याला कर्जखात्याचा उतारा बघावा. नोटीस येईपर्यंत थांबणाऱ्याला व्याजही भरावं लागतं.

मालवण, मासळीविक्री

नीतिसूत्रे ११:१ खोट्या तराजूबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा लागते, पण खोट बहुधा क्रेटमध्ये असते. सकाळी केलेलं रिकाम्या क्रेटचं वजनच दिवसभर वजा होतं. दुपारी तळाला बर्फाचं पाणी साचतं आणि गिऱ्हाईक ते बांगड्याच्या भावाने घेतं. मासळी निथळूनच काट्यावर चढवावी, रिकामा क्रेट दुपारी पुन्हा तोलावा.

उन्हाळ्यात अन्न साठवणाऱ्या मुंगीचं वचन (६:६-८) मासेमारी बंदीच्या हिशेबात बसवा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंद. घरखर्च महिना १५ हजार धरला तर ३० हजार हवेत, म्हणजे ऑगस्टपासून १० महिने ३ हजार. जाळी आणि इंजिनाची डागडुजी यात धरू नये, तिचा डबा वेगळा. एप्रिल-मेमध्ये बघू म्हणणाऱ्यांना तेव्हा लग्नाचे आहेर असतात.

देवगड, आंबा बागायत

आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये बेन सिराचं पुस्तक आहे. ३७:११ सांगतं, विक्रीचा सल्ला विकत घेणाऱ्याकडून घेऊ नये. दराची विचारणा दलालाकडे न करता, ज्याच्या पेट्या कालच उतरल्यात त्याला करावी आणि वाहतूक, हमाली, पेटी-गवत वजा जाता हातात काय आलं तेही विचारावं.

सावंतवाडी, मंडळीतले (चर्चमधले) वडील

जमिनीच्या वादात नीतिसूत्रे १८:१७ कामी येतं : पहिला बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. पहिल्या बैठकीत मत देऊच नये. सातबारा आणि फेरफार दोन्ही मागवावेत. नाव कधी, कशामुळे चढलं किंवा उतरलं ते फेरफारात कळतं. पुढचा क्रम मत्तय १८:१५-१७ चा : आधी एकट्याने गाठायचं, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळी. आपल्याकडे गाडी थेट तिसऱ्या पायरीवर येते, तीही "आमच्या भावासाठी प्रार्थना करा" म्हणत, कुंपणाच्या भांडणासकट. असा विषय आला की पाळकांनी नाव न घेता प्रार्थना उरकावी आणि उपासनेनंतर विचारावं, भावाला भेटलात का?