नांदेडहून परभणीला एन्टँगल्ड फोटॉनने निरोप धाडता येईल का?

गोदाकाठ: एन्टँगल्ड, म्हणजे मोजमापं एकमेकांशी जुळणाऱ्या जोडीतला एक फोटॉन (प्रकाशकण) नांदेडला, दुसरा परभणीला. '१' धाडायचा तर नांदेडवाल्याने ध्रुवीकरण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) उभ्या-आडव्या अक्षात मोजायचं, '०' साठी ४५ अंशांत. परभणीचा फोटॉन त्याच क्षणी बदलतो म्हणतात, मग निरोप का जाऊ नये? एकाने भागत नसेल तर हजार जोड्या घेऊ.

लोलक: लाख घ्या की. परभणीला ध्रुवीकरणानुसार फोटॉन दोन वाटांना लावणारा बीम स्प्लिटर आणि मागे दोन डिटेक्टर आहेत असं धरा. नांदेडने उभं-आडवं मोजलं, तर हजारात साधारण ५०० इकडे, ५०० तिकडे. ४५ अंशांत मोजलं, तरी तेच. काहीच न मोजता माणूस चहाला गेला, तरी तेच! उभं यावं की आडवं, हे नांदेडवाल्याच्या हातात नाही. गाडं तिथंच अडतं. संबंध दिसतो तो दोन्ही याद्या शेजारी मांडल्यावर, आणि यादी येणार फोननेच.

गोदाकाठ: परभणीवाल्याने आलेल्या फोटॉनच्या २० प्रती काढल्या तर? उभ्या-आडव्यात मोजून वीसही एकाच बाजूला गेल्या तर '१', विखुरल्या तर '०'.

लोलक: तर्क पक्का आहे, प्रती निघत नाहीत एवढंच. भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी लेसरने फोटॉन वाढवायची हीच युक्ती मांडली होती. १९८२ मध्ये वूटर्स-झुरेक आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी दाखवलं, की अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल होत नाही. लेसरमध्ये उत्स्फूर्त उत्सर्जनाचे (आपोआप निघणारे) भलत्याच ध्रुवीकरणाचे फोटॉन मिसळतात, नेमके फरक पुसला जाईल इतके.

मॅडम_फिजिक्स: क्वांटम टेलिपोर्टेशनचंही (एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उतरवण्याचंही) तसंच. एका क्युबिटमागे (क्वांटम बिटमागे) २ साधे बिट नेहमीच्या वाटेने धाडावे लागतात. एन्टँगल्ड जोड्यांचा खरा उपयोग निरोप सांकेतिक करायची गुप्त चावी वाटायला (एकर्ट यांची पद्धत, १९९१). मात्र १५५० नॅनोमीटरला फायबर किलोमीटरमागे ०.२ डेसिबल खातं. ६० किमीला १६ फोटॉनांतला एक पोचतो, २०० किमीला दहा हजारांत एक. मध्ये ॲम्प्लिफायर चालत नाही, कारण वरचंच: नक्कल होत नाही.

गोदाकाठ: आणि खांबावरून नेलेली केबल चालेल का, मॅडम?

मॅडम_फिजिक्स: आपल्याकडच्या उन्हात जपून. ६० किमी फायबर १० अंशांनी तापलं तर फोटॉनची वेळ वीसेक नॅनोसेकंदांनी सरकते. जुळणीची खिडकी (किती वेळाच्या आत आलेले दोन फोटॉन एका जोडीचे धरायचे ती मुदत) १ नॅनोसेकंदाची असेल तर दुपारी जोड्या अचानक गायब होतात आणि लोक लेसर तपासत बसतात. खिडकी रुंद केली, तर योगायोगाच्या खोट्या जोड्या घुसतात. त्यापेक्षा खिडकी अरुंदच ठेवा, जुळणीचं शिखर (सर्वाधिक जोड्या जुळतात तो वेळेचा फरक) शोधून वेळेचा फरक दर काही मिनिटांनी सुधारा. केबल पुरलेली असेल तर हा त्रास बराच कमी.