‘डोनर मेंटेनन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादक
अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणतेय. एक प्रकरण मेंदूमृत्यू जाहीर झाल्यापासून ते अवयव काढायला ऑपरेशन थिएटरमध्ये नेईपर्यंतच्या तासांबद्दल आहे. मूळ शीर्षक ‘डोनर मेंटेनन्स’. आधी ‘दात्याची देखभाल’ केलं, तर सोसायटीच्या लिफ्टची आठवण झाली. मग ‘दात्यावरील उपचार’ केलं, त्यावर संपादकांनी समासात लिहिलं, ‘मेलेल्या माणसावर उपचार कसले?’ ‘दात्याला जगवणे’ तर सपशेलच चूक. शिवाय मेंदूमृत, मस्तिष्कमृत की मस्तिष्कस्तंभमृत, हेही ठरत नाही.

मुद्रितशोधक
दुसरं आधी घेतो, सोपं आहे. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा अख्ख्या मेंदूबद्दल बोलत नाही, मेंदूच्या देठाच्या मृत्यूबद्दल बोलतो. (हा कायदा संसदेने करावा अशी मागणी करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, त्यामुळे मराठी शब्द आपणच लावायला हवा होता.) त्या हिशोबाने मस्तिष्कस्तंभमृत्यू हाच काटेकोर. पण ‘स्तंभ’ म्हणजे खांबही आणि ताठरणं, थिजणंही. वाचणाऱ्याला वाटेल मेंदू थिजलाय, उद्या सुटेल. मी एकदा ‘मेंदूच्या देठाचा मृत्यू’ असं फोड करून लिहीन आणि पुढे सरसकट मेंदूमृत.

माझं खरं भांडण बातम्यांतल्या एका वाक्याशी आहे. ‘मेंदूमृत तरुणाला जीवरक्षक प्रणालीवर ठेवण्यात आले, अवयव काढल्यानंतर त्याचे निधन झाले.’ अशी वाक्यं मी कितीदा दुरुस्त केलीत. चार डॉक्टरांचं मंडळ, कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, सह्या. तिथे मृत्यू झाला. नंतर ‘निधन झाले’ लिहिलं की अवयव काढल्यामुळे माणूस गेला असा अर्थ निघतो. आणि जीव नाही तर जीवरक्षक काय? ‘व्हेंटिलेटरवर’ म्हणा, बास.

पॅरिसच्या दोघा डॉक्टरांनी 1959 मध्ये या अवस्थेला नाव दिलं त्याचा अर्थ ‘कोमाच्या पलीकडचा कोमा’. त्यांनाही ‘मृत्यू’ म्हणायला जीभ रेटली नव्हती. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1968 साली हृदयरोपण केलं, तेव्हा तर कायद्यात मेंदूच्या मृत्यूला जागाच नव्हती.

रातपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे. आमच्याकडे मेंटेनन्स वगैरे कागदावर. तोंडी ‘आज डोनर सांभाळायचाय’ असंच म्हणतात. आणि ते सांभाळणंच असतं. मेंदूचा देठ गेला की अंगाचा कारभारी गेला. आधी बीपी एकदम दोनशेच्या वर उसळतं, मग धाडकन खाली येतं. मग बीपी चढवणारी औषधं, नॉरॲड लावा, व्हॅसोप्रेसिन लावा. लघवीची पिशवी, युरोबॅग, बघता बघता भरते, तेवढं पाणी भरून काढलं नाही तर सोडियम चढतं आणि लिव्हर खराब होतं. अंग गार पडायला लागतं, ते पस्तीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवायचा, नाहीतर फुफ्फुसं फुगून वाया जातात. शिकाऊ मुलींना आम्ही शंभराचा नियम सांगतो. वरचं बीपी शंभराच्या वर, तासाची लघवी शंभर मिलीच्या वर, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब शंभराच्या वर, हिमोग्लोबिनही शंभर. हे शेवटचं लिटरच्या हिशोबात, आपलं नेहमीचं दहा. ओढूनताणून बसवलंय, पण लक्षात राहतं.

हे सगळं करताना तोंड पुसणं, कूस बदलणं, पापण्या मिटवून मलम घालणं चालूच. मेंदू वाचवायचे उपचार केव्हाच थांबलेले असतात आणि बाकी काम मात्र दुप्पट होतं.

एका रात्री आईने मुलाच्या हाताला हात लावला आणि म्हणाली, ‘सिस्टर, अंग गरम आहे की हो.’ गरम होतं, कारण गरम हवेचं ब्लँकेट मीच दोन तासांपूर्वी चढवलं होतं. हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही तुमच्या पुस्तिकेत घाला. बोटं हलतात तेव्हाही तेच. ती पाठीच्या मज्जारज्जूची हालचाल असते, मेंदूची नसते. पण बघणाऱ्याला मज्जारज्जू दिसत नाही, बोटं दिसतात.

अनुवादक
ताई, ते भरमसाठ लघवीचं. मूळ पुस्तिकेत त्याला ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हटलंय. माझ्या आधीच्या अनुवादकाने ‘मधुमेह’ ठोकून दिलंय.

वैद्यबुवा
अहो, घात होईल! कुणीतरी इन्सुलिन काढेल. डायबेटिस हा मूळ ग्रीक, अर्थ आरपार वाहून जाणं. मेलिटस म्हणजे मधाळ, इन्सिपिडस म्हणजे बेचव. आपल्याकडे शब्द तयार आहे, उदकमेह. चरकाने वीस प्रमेह, म्हणजे लघवीचे विकार, सांगितले त्यातला हा एक, लघवी स्वच्छ, भरपूर, थंड, बिनवासाची, पाण्यासारखी. वर्णन चपखल बसतं. मात्र चरक तिथे कफाला दोष देतो आणि इथे पीयूषिका ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारं संप्रेरक येणं बंद झालेलं असतं. तेव्हा शब्द घ्या, कारण घेऊ नका. आणि शेजारी ‘डायबेटिस इन्सिपिडस’ देवनागरीत राहू द्या, रात्री तीन वाजता कुणाला उदकमेह आठवणार नाही.

मुद्रितशोधक
रातपाळीताईंनी शब्द देऊन टाकलाय की. जगवणे म्हणजे जीव हवा. टिकवणे म्हटलं की लोणचं आठवतं. राखणे म्हटलं की शेत. सांभाळणे मात्र दोन्हीकडे चालतं, आपण मूल सांभाळतो आणि ‘जरा माझी बॅग सांभाळा’ असंही म्हणतो. दुसऱ्याची ठेव धड परत द्यायची, हा अर्थ त्यात आहेच.

अनुवादक
पण ‘दात्याचा सांभाळ’ म्हटलं की अनाथाश्रम वाटतो.

रातपाळी
नाम कशाला करता? क्रियापद ठेवा. आणि ‘दाता’ जपून वापरा. दुसरी तपासणी झाली तरी घरच्यांनी होकार दिलेला नसतो, त्यांची सही व्हायची असते. पण बीपी त्यांच्या सहीसाठी थांबत नाही, सांभाळणं आधीच सुरू झालेलं असतं. तोवर तो दाता कसा? एकदा मी फोनवर ‘डोनरचं सोडियम एकशे अठ्ठावन्न’ म्हणाले आणि मागे त्यांची बायको उभी होती. तिला अजून कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून सही होईपर्यंत मी बेड नंबरच बोलते.

मुद्रितशोधक
मग शीर्षक ‘देह सांभाळताना’ करा. होकाराआधी आणि नंतर, दोन्हीकडे खरं. ‘दाता’ सहीनंतरच्या परिच्छेदांत येऊ दे, त्याआधी ‘संभाव्य दाता’. बोजड आहे, पण खोटं नाही. आणि कुठे ‘हार्वेस्टिंग’ दिसलं तर काढा. कापणी भाताची होते. ‘अवयव काढणे’ पुरे.

अनुवादक
‘देह सांभाळताना’ पक्कं. वैद्यबुवा, उदकमेह घेतला. संपादकांना ही चर्चाच पाठवते. आणखी काही राहिलंय का?

रातपाळी
तक्त्यात लघवीचा रकाना रुंद ठेवायला सांगा, तासातासाला चार अंकी आकडे पडू शकतात. आणि गुळगुळीत कागद नको, त्यावर आमची पेनं चालत नाहीत.