मदत हवी आहे : एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, तीन ठिकाणं

नमस्कार मंडळी. आमचा बेदाण्याचा व्यवसाय. वडील तासगावजवळच्या गावी शेडवर, मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ आणि धाकटा भाऊ सतत गाडीवर. गिऱ्हाईकं मात्र सगळी वडिलांच्याच वीस वर्षं जुन्या नंबरवर येतात. तो नंबर बदलायचा नाही, हे पक्कं.

मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणून माझा कॉम्प्युटर आणि भावाचा मोबाईल जोडून घेतला. फार सोय झाली. पण गेल्या महिन्यात वडील आजारी होते, त्यांचा फोन कपाटात बंद पडून राहिला. मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, हे मला तेव्हा कळलं. नेमका सौद्याचा दिवस! पुन्हा जोडायला माझ्या स्क्रीनवरचा आठ अक्षरांचा कोड वडिलांना फोनवरून एकेक अक्षर सांगितला. थरथरत्या हातांनी त्यांनी तो टाकला, तिसऱ्या खेपेला जमला.

आता सिम माझ्याकडच्या फोनमध्ये घालून तोच मुख्य करावा आणि वडिलांचा जोडलेला ठेवावा, असं मनात आहे. त्यांचा फोन अँड्रॉइड, माझा आयफोन. जुन्या चॅट, मालाचे फोटो आणि वडिलांचे भाव सांगणारे व्हॉइस मेसेज सगळे शाबूत येतील का? त्यांचा आवाज मला गमवायचा नाही. कुणी असं केलं असेल तर आधी काय करायचं, नंतर काय, हे क्रमाने सांगा.

दुसरं, कुठल्या गिऱ्हाइकाला कोणी उत्तर दिलं हे आम्हा तिघांना कसं कळावं? सध्या एकाच माणसाला दोन भाव जातात.