बुरशी म्हणजे झाडच ना?

बाळीवेसची_काकू: पावसाळ्यात मऊ भाकरीला लगेच बुरशी येते, कडक भाकरी मात्र डब्यात टिकते. असं का? आणि ही वनस्पतीच ना? लेकीच्या पुस्तकात वेगळंच दिलंय.

ज्वारीवाला_मंगळवेढा: वनस्पती नाही. हरितद्रव्यच नाही, स्वतःचं अन्न कुठून करणार? विकरं (पचवणारी रसायनं, एन्झाइम) सोडून भाकरी बाहेरच पचवते, मग शोषून घेते. पेशीभित्तिका कायटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ साली तिला वनस्पती-प्राण्यांपासून वेगळी, स्वतंत्र सृष्टीच दिली. कडक भाकरीत ओल नाही, त्यामुळे बीजाणू (बुरशीचं बी म्हणा) पडले तरी रुजत नाहीत.

बाळीवेसची_काकू: वरचं हिरवं खरवडून खाल्लं तर?

ज्वारीवाला_मंगळवेढा: नको हो काकू! हिरवे दिसतात ते बीजाणू, तंतू आत शिरलेले असतात. आमच्या ज्वारीच्या कणसावर येणारा काणी रोगसुद्धा बुरशीच. तो काळा भुगा म्हणजे निव्वळ बीजाणू.