विषय पक्का असला की पुरे? शिकवायला उभं राहण्याआधी स्वतःच्या घराकडे बघावं का?

खडूपूड
परवा एका सदस्याने इथे लिहिलं की शिक्षक होऊ घातलेल्यांकडून ‘माझी सांस्कृतिक पार्श्वभूमी’ असले आत्मचिंतनाचे लेख लिहून घेणं म्हणजे वेळेचा चुराडा. विषय पक्का हवा, वर्ग सांभाळता यायला हवा, शिक्षक कुठल्या घरात वाढला याच्याशी मुलांना काय देणंघेणं? खाली ‘अगदी बरोबर’ची रांग लागली. मला ते सहन झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

देणंघेणं आहे. वर्गात कोण हुशार, कोण आगाऊ, कोण घुमं हे शिक्षक पहिल्या आठवड्यातच मनाशी ठरवून मोकळा होतो, आणि ते ठरवायची मापं पदवीबरोबर मिळत नाहीत, घरातून आलेली असतात. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची असं वळण ज्याला लागलंय, त्याला डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देणारी मुलगी उद्धट वाटते. ज्याच्या घरी नजर चुकवणं म्हणजे लबाडी, त्याला खाली बघणारा मुलगा काहीतरी लपवतोय असं वाटतं. आणि दोघंही छातीठोकपणे सांगतात की आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो.

शर्ली ब्राइस हीथ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या भागात वर्षानुवर्षं राहून याचा अभ्यास केला. तिथल्या शिक्षिकांची तक्रार होती की एका कामगार वस्तीतली मुलं साध्या प्रश्नांनाही उत्तरं देत नाहीत. कारण असं निघालं की उत्तर आपल्याला ठाऊक असताना मुलाला ‘हा रंग कोणता?’ असं विचारायची रीतच त्या वस्तीत नव्हती. ‘हे कशासारखं दिसतं?’ असं विचारलं की तीच मुलं बोलायची. शिक्षिकांच्या स्वतःच्या घरी मात्र पहिल्या प्रकारच्या प्रश्नांचा दिवसभर मारा चालायचा. आपल्या घरात आपण लेकरांना काय विचारतो याकडे लक्ष गेलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की वर्गातला प्रश्न त्यांच्या घरातून आलाय. विषय त्यांचा पक्काच होता हो.

फळा_पुसून
ती पोस्ट माझीच. गणित शिकवतो. उत्तर देतो.

तुम्ही संशोधन सांगताय, मी प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आमच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या तुकडीत एक मुलगी होती. घरचं काही सांगायची तिची इच्छा नव्हती. तिने चार ओळी लिहून दिल्या. लाल शाईत शेरा आला, ‘खोली नाही, पुन्हा लिहा.’ मग तिने शेजारच्या घरातली गोष्ट स्वतःची म्हणून लिहिली. दारुडा बाप, कंदिलाखाली अभ्यास, सगळं. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि तो लेख सगळ्यांसमोर आदर्श म्हणून वाचून दाखवला गेला. ती मान खाली घालून बसली होती. सगळे समजले की भावना अनावर झाल्यात. यातून कोण काय शिकलं?

ज्याच्याकडे दुःख आहे त्याने ते गुणांसाठी मांडायचं, ज्याच्याकडे नाही त्याने अपराधी वाटल्याचं सोंग आणायचं. मी याला शिक्षण म्हणणार नाही.

मागचा_बाक
लेख राहू द्या बाजूला. मूळ दुखणं भाषेचं आहे, त्यावर कुणी बोलतच नाही.

मी चौथीत असताना बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलं? मी उभा राहिलो. आमचं वासरू विहिरीच्या कडेला अडकलं होतं, ते कसं काढलं ते सांगायला लागलो. पहिल्याच वाक्याला बाईंनी थांबवलं, ‘नीट बोल.’ मी परत सुरुवात केली. क्रियापदाला थांबवलं. तिसऱ्यांदा ‘ण’ला थांबवलं. दोर कुठून आणला तिथवर मी पोचलोच नाही. खाली बसलो, आणि पुढे सातवीपर्यंत आपणहून हात वर केला नाही. बाई वाईट नव्हत्या, आजारी मुलांच्या घरी जायच्या. फक्त त्यांच्या घरात बोलतात तीच भाषा शुद्ध याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही.

तिसरा_तास
वाईट वाटलं, पण एक विचारते. अर्ज, मुलाखत, परीक्षा कुठल्या भाषेत होतात? मी स्वतः बोली बोलणाऱ्या घरातली. मला प्रमाणभाषा कुणी घासूनपुसून शिकवली नसती तर मी आज नोकरीत नसते. ‘बोलू द्या हो, त्यांची भाषा गोड आहे’ असं म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं घरी आयती प्रमाणभाषा शिकतात. मग नुकसान कुणाचं? लिसा डेल्पिट या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1988 मध्ये हेच मांडलं होतं. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्या बोलण्यालिहिण्याचे नियम बाहेरच्या मुलांना उघडपणे शिकवा, ती आपोआप उचलतील म्हणून सोडून देऊ नका.

मागचा_बाक
शिकवू नका असं मी कुठे म्हटलं? वाचता येतं ना? वाक्याच्या मध्यात थांबवू नका म्हणतोय. तुमच्यासारखे वर आलेलेच खालच्यांना जास्त टोकतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरा_तास
‘तुमच्यासारखे’ म्हणजे? मला ओळखता तुम्ही? मी कुणाला टोकते, कुणाला शाळा सुटल्यावर थांबवून शिकवते, काही माहीत आहे? सहानुभूती दाखवणं सोपं असतं. शुद्धलेखनाच्या वह्या रात्री तपासत बसायला लागतं.

वहीचं_पान
दोघंही जरा दमानं घ्या. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांचं 1960च्या दशकातलं न्यूयॉर्कमधलं काम इथे आठवावं. तिथल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला आठ वर्षांचा मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरं देत होता. कुणीही म्हटलं असतं, याला भाषाच येत नाही. मग त्याच मुलाखतकाराने बटाट्याचे वेफर्स आणले, त्या मुलाच्या जिवलग मित्राला बोलावलं, स्वतः जमिनीवर बसला, आणि एरवी चारचौघांत न काढायचे विषय काढले. दोघं पोरं एकमेकांचं बोलणं तोडत बोलायला लागली.

फळा_पुसून
मग हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं! तो मुलाखतकार हार्लेममध्येच वाढलेला होता, त्या मुलाच्याच समाजातला. पार्श्वभूमी एक असूनही आधी काही उपयोग झाला नाही. बसायची जागा बदलली, सोबत बदलली, विषय बदलले, तेव्हा झाला. याला शिकवण्याचं कसब म्हणतात. माझं म्हणणं तेच आहे, कसब शिकवा.

खडूपूड
पोरगं गप्प का, याचं कारण पोरात न शोधता स्वतःच्या बसण्याबोलण्यात शोधावं, हे कुणाला सुचतं? कसब हवेतून येत नाही. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात असतो. म्हणजे शिक्षक कसा असतो याचं चित्र प्रशिक्षणाआधीच पक्कं झालेलं. सराव पाठाचं टाचण कितीही सुंदर लिहा, वर्गात गोंधळ झाला की तोंडातून आपल्याच जुन्या गुरुजींचं वाक्य बाहेर पडतं.

आणि अपेक्षांचंही तेच आहे. 1968 चा रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा प्रयोग आठवा. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली मुलं, शिक्षकांना सांगितलं की ही पुढे चमकणार आहेत, आणि

फळा_पुसून
त्या प्रयोगाच्या पद्धतीवर तेव्हाच टीका झाली होती. त्या निवडलेल्या मुलांच्या बुद्धिचाचणीच्या गुणांत इतरांहून जास्त वाढ ठळक दिसली ती पहिली-दुसरीत. वरच्या वर्गांत जवळपास नाहीच. अर्धंच सांगू नका.

खडूपूड
बरं, पहिली-दुसरी. पहिली-दुसरीच्या मुलांना शिक्षक नसतात का?

तिसरा_तास
मी या वादात एक भर घालते, पटो न पटो. आत्मचिंतन नेहमी ‘मी कुठून आले’ यावरच अडतं. मी बोलीतून आले हे मला चांगलं माहीत आहे, त्यासाठी लेख नको. मला माहीत नव्हतं ते वेगळंच. सोबतच्या शिक्षिकेने माझ्या तासाला मागे बसून, मी कुणाला प्रश्न विचारते त्याच्या नुसत्या रेघा ओढल्या. खिडकीकडच्या रांगेत रेघाच रेघा, दाराकडे जवळजवळ कोरं. खिडकीकडे पटपट बोलणारी मुलं बसतात. आमच्या घरी जो पटकन बोलेल त्याचंच ऐकलं जायचं, जेवतानासुद्धा. तो कागद हातात आल्यावर मला माझं घर दिसलं. लेख लिहून दिसलं नसतं.

फळा_पुसून
असं असेल तर मी करायला तयार आहे. रेघा मोजता येतात. त्यावर कुणी ‘खोली नाही’ असा शेरा मारू शकत नाही. पण त्याला पार्श्वभूमीचं चिंतन म्हणायचा आग्रह कशाला?

खडूपूड
कारण रेघा मोजून झाल्यावर ‘असं का होतंय’ हे विचारल्याशिवाय त्या पुढच्या महिन्यातही तशाच पडतील. नाव काहीही द्या. गुण काढून टाका, हे मला मान्य. सगळ्यांसमोर वाचून दाखवणं तर आजच बंद व्हायला हवं. त्या मुलीवर अन्याय झाला, यात मला शंका नाही. पण प्रश्न काढून टाकायला मी तयार नाही.

फळा_पुसून
गुण काढलेत तर माझा निम्मा विरोध संपला. निम्मा आहे.

मागचा_बाक
तुमचं मिटलं, आनंद आहे. माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मूल उभं राहून सांगतंय, त्याला मध्येच थांबवायचं की नाही?

तिसरा_तास
नाही थांबवायचं. त्याचं बोलून होऊ द्यायचं. मग तेच त्याला वहीत लिहायला सांगायचं, आणि तिथे मी एकेक ‘ण’ दुरुस्त करणार. त्यावरून माझ्याशी भांडायचं असेल तर खुशाल भांडा.