राजापूरकडे जुनं कौलारू घर घेतोय. घेण्याआधी घराची तपासणी नक्की कोण करून देतं?

पडवीतला_पाहुणा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पुण्यात असतो. बायकोचं आजोळ राजापूर तालुक्यातलं आणि तिथेच शेजारच्या वाडीत एक घर विकायला निघालंय. चिऱ्याचं जोतं, बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, माजघराच्या आतल्या मातीच्या, वर चौपाखी छप्पर मंगलोरी कौलांचं, ओटी, पडवी, माळा सगळं जसं डोक्यात होतं तसंच. वडिलांनी ५४-५५ साली बांधलं असं मालक म्हणतात. मागे न्हाणीघर-संडास आहे तो स्लॅबचा, नंतर कधीतरी जोडलेला. अकरा गुंठे जागा, विहीर, २८ लाख सांगतायत.

जानेवारीत बघून आलो. कुठे ओल नाही, आतून नवाकोरा पिवळा डिस्टेंपर, मालक म्हणाले घर ठणठणीत आहे, आम्ही दर गणपतीत येतो ना. आता मला तो डिस्टेंपरच खटकतोय. विकायला काढलेल्या घराला आतून नवा रंग कोण लावतं?

गंमत म्हणजे तिथे दोघातिघांना विचारलं की मला घराचा सर्वे करून हवाय, तर सगळ्यांचं एकच, भूमी अभिलेखला अर्ज टाका, मोजणीवाले येतील. अहो जमिनीचा नाही, घराचा! त्यावर एक काका म्हणाले घराचा काय सर्वे करायचा, उभं आहे ना ते. बँकेत लोनची चौकशी केली होती तेव्हा व्हॅल्युअरचा माणूस येऊन गेला, दहा मिनिटं फिरला, फोटो काढले, संपलं.

तर असा माणूस असतो का जो घर वरपासून खालपर्यंत बघून लिहून देईल की हे चांगलंय, हे गेलंय, याला इतका खर्च येईल? इंजिनियर, सुतार की गवंडी? आणि किती घेतात? कागदपत्रं वकील बघतोय, तो विषय इथे नको.

---

सातबारावाला

तुम्ही नको म्हणालात तरी दोनच ओळी लिहितो. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. कोकणात घर एकाच्या नावावर आणि घराखालची जमीन भलत्याच्याच सातबाऱ्यावर हे सर्रास आहे, त्यात वाडी गावठाणाच्या बाहेर असेल तर जमीन शेतीची, मग कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुमच्याकडे शेतकरी दाखला लागणार. ते बघितलं असेल तर गप्प बसतो.

---

पडवीतला_पाहुणा

हो हो, साताऱ्याकडे आमचा वडिलोपार्जित सातबारा आहे. धन्यवाद. आता घराबद्दल बोला कोणीतरी 🙏

---

ओळंबा

मी याच जिल्ह्यात स्ट्रक्चरलची कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे व्हॅल्युअरचा रिपोर्ट विसरा. तो बँकेसाठी असतो, वस्तू विकून पैसे वसूल होतील का एवढंच त्यात बघतात. वासा कुजलाय का याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

दुसरं, पुण्या-मुंबईहून सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनियर आणू नका. तिकडे तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला ऑडिट सक्तीचं झालं तेव्हापासून ते काम करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांची सवय काँक्रीटची. एका पार्टीने असाच माणूस आणला होता, तो मातीच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर लावत होता. ते यंत्र काँक्रीटचा वरचा थर किती कठीण आहे ते सांगतं, मातीच्या भिंतीवर काय सांगणार? घरातली म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

मी गेलो तर काय करतो ते सांगतो. आधी बाहेरून चक्कर, ओळंबा घेऊन. दहा फुटाच्या भिंतीला अर्धा-पाऊण इंच कल असेल तर मी मनावर घेत नाही, सत्तर वर्षांच्या माणसाला पण थोडा बाक येतो. पण भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकलेली असेल तर माळ्यावर जाऊन तुळया बघायच्या. छपराचं वजन वाशांवरून उतरताना भिंतींना बाहेर ढकलत असतं आणि आडव्या तुळया दोन्ही भिंतींना धरून ठेवतात. बऱ्याच घरांत कोणीतरी डोक्याला लागते म्हणून मधली तुळई कापलेली असते!! नाहीतर तिचं भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, म्हणजे तुळई दिसायला आहे पण धरत काही नाही. हजार स्क्वेअर फूट छपरावर चौदाशेच्या आसपास कौलं बसतात, एक कौल दोन-अडीच किलोचं, म्हणजे नुसत्या कौलांचे तीन टन आणि पावसात भिजली की आणखी.

तडे सगळेच वाईट नसतात. केसासारखा तडा प्लास्टरचा असतो. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर चढणारा आणि वर रुंद होत जाणारा असेल तर पाया एका बाजूने बसतोय. चालू आहे की जुना आहे ते कळायला तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा हलतोय. पण त्याला महिने द्यावे लागतात आणि घेणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त शंका मागच्या स्लॅबची आहे. सत्तर वर्षांचं चिऱ्याचं बांधकाम आणि वीस-तीस वर्षांचं काँक्रीट एकमेकांना चिकटवलेलं, दोघांचे पाये वेगळे, सांध्यातून पाणी जाणारच. त्यात इकडची दमट हवा, लोखंडावर काँक्रीटचं कव्हर कमी ठेवलेलं, लोखंड गंजलं की फुगतं आणि खालून पोपडे पडतात. स्लॅबच्या खालच्या बाजूला तपकिरी रेघा दिसतायत का बघा. दिसल्या तर तो भाग पाडायचाच खर्च धरा.

मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचं प्लास्टर केलंय का तेही बघा. माती जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते, वर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. बोटाने वाजवा, ढबढब आवाज आला तर प्लास्टरने भिंत सोडलीय.

माझ्यासारखा माणूस जाणंयेणं आणि लेखी रिपोर्ट धरून दहा-पंधरा हजार घेईल. २८ लाखाच्या व्यवहारात ते जास्त वाटत असतील तर मग काय बोलणार.

---

वेंगुर्ल्याचो_झील

ओळंबा साहेब बरोबर बोलले पण एक गोष्ट राहिली. इंजिनियर शिडीवर चढतो का ते आधी विचारा 😄 आमच्याकडे आला तो खालनंच मोबाईलचा टॉर्च मारून वर बघून गेला.

आमचो आजो म्हणायचो, घर बघूचा तर मिरगात बघूचा. जानेवारीत कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं, तेव्हा बघून घर घेणं म्हणजे मेकअपमधे मुलगी बघण्यासारखं झालं (बायकांनी मारू नका). जूनच्या शेवटी, जुलैत, चांगला आठवडाभर कोसळून झाला की जा. पश्चिमेच्या भिंतीला झड कशी लागते बघा. पागोळ्या जोत्यापासून लांब पडतायत की जोत्यावरच बघा, वळचण आखूड असेल तर जोतं कायम भिजत राहतं. आणि शेजारच्या आजीला विचारा, पावसात यांच्या घरात टोप कुठे कुठे ठेवायचे? मालक हे कधीच सांगणार नाही, आजी हमखास सांगेल.

आणि सुतार न्या. गावातला नको, तो मालकाचा पाव्हणा निघतो, दोन गावं पलीकडचा जुना सुतार न्या. त्याला दिवसाची हजेरी द्या, वर एक हजेरी जास्त द्या आणि सांगा चार ठिकाणची कौलं काढून बघ. वाशाची टोकं भिंतीवर टेकतात तिथे आणि कोनवाशाच्या (छपराच्या दोन पाख्या मिळतात त्या कोपऱ्यातला तिरका वासा) खाली, पाणी तिथेच मुरतं. पेचकस टोचला आणि लोण्यात गेल्यासारखा गेला तर वासा गेला. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा, मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर वाळवी. सागवान किंवा जुनं फणसाचं असेल तर बरंचसं टिकलेलं असतं, पण नंतर डागडुजीला काय लाकूड घातलं ते कोण बघतो, आमच्यात तर माडाचे वासे निघाले मधेच.

---

घाट_उतरून

एवढं सगळं बघत बसलात तर कोकणात एकही घर घेऊन होणार नाही. आम्ही अर्ध्या तासात बघितलं आणि बयाणा दिला, आठ वर्षं झाली.

---

वेंगुर्ल्याचो_झील

@घाट_उतरून आठ वर्षांत छपरावर किती घातले ते पण सांगा की

---

घाट_उतरून

ते नका विचारू 😐 २०२० च्या निसर्ग वादळात दापोलीकडे अर्धी कौलं उडाली, ती धरायची का?

---

लीड्सची_लेक

मी इंग्लंडात असते, इकडे जुनं घर घेताना असा सर्वे करून घेणं अगदी नेहमीचं आहे म्हणून लिहिते. आरआयसीएस नावाच्या संस्थेचे सर्वेअर असतात, त्यांच्या तीन लेव्हल, जुन्या घराला लेव्हल तीन घ्यायची. आम्ही शंभर वर्षांपेक्षा जुनं दगडी घर घेतलं तेव्हा घेतली होती. रिपोर्ट जाडजूड, प्रत्येक भागाला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा.

पण तुम्हाला वाटेल इकडे सगळं कळतं, तर तसं नाही. तो माणूस काहीही उघडत नाही, फोडत नाही, नुसतं बघतो. आमच्या रिपोर्टमधे जागोजागी होतं की इथे कार्पेट होतं म्हणून खालची फळी बघता आली नाही, तिथे सामान होतं म्हणून कोपरा बघता आला नाही, वायरिंग आणि ड्रेनेज वेगळ्या माणसाला दाखवा. तेव्हा चिडले होते मी, एवढे पैसे कशाला घेतले म्हणून. नंतर लक्षात आलं की तीच यादी सगळ्यात कामाची होती. ज्या कोपऱ्यात सामान होतं नेमकी तिथलीच फळी कुजलेली निघाली!

म्हणून संगमेश्वरला सासऱ्यांचं घर घेताना मी इंजिनियरकडून दोन याद्या मागितल्या होत्या, काय बघितलं आणि काय बघितलं नाही, का नाही. पहिल्यांदा तो गोंधळला, मग म्हणाला माळ्यावर भाताची कणगी आणि जुनी भांडी आहेत, मागची भिंत दिसत नाही. म्हटलं हलवा. हलवली, आणि मागे वाळवीची रांग.

आणि ते ओल मोजायचं मशीन घेऊन कोणी आला तर त्याचा आकडा डोळे मिटून मानू नका. ते लाकडासाठी बनवलेलं असतं, भिंतीला खार फुटला असेल तर उगाच जास्त दाखवतं.

---

किल्लारी_९३

वेगळ्या भागातला आहे पण राहवलं नाही. आमचं घर दगड-मातीचं, दोन-अडीच फुटी भिंती, वर मातीचं जाड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते सगळ्यांना माहितीय. भिंत जाड म्हणजे घर भक्कम असं आम्ही समजत होतो. खरं तर दगडाचे दोन वेगळे थर आणि मधे भर, दोन्ही थरांना बांधणारे लांब दगडच नव्हते, हादरा बसला तसे थर सुटले आणि वरची माती अंगावर आली. तुमचं कौलारू छप्पर त्या मानाने पुष्कळ हलकं, चिऱ्याचं बांधकामही वेगळं. तरी कोयना तुमच्यापासून फार लांब नाही, १९६७ चा भूकंप जुन्या लोकांना आठवत असेल. कुठे भिंतीने पोट काढलंय का आणि कोपऱ्यात दोन भिंती एकमेकीत गुंतवल्यात की नुसत्या टेकवल्यात एवढं इंजिनियरला विचाराच. आणि घराच्या मागे डोंगर कापलेला असेल तर तो आधी बघा, घर नंतर.

---

पडवीतला_पाहुणा

मंडळी, उशिरा लिहितोय पण लिहितोय. तुमचं ऐकून थांबलो, मालक वैतागले, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाले. ते काही आलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो, बरोबर एक इंजिनियर आणि लांज्याकडचा एक सुतारमामा. इंजिनियर शिडी चढले (झीलभाऊ, आधी विचारलं होतं!). पण खरं काम मामांनी केलं. पावसाने तासभर उघडीप दिली तेवढ्यात पश्चिमेच्या बाजूची सात-आठ ठिकाणची कौलं काढली. एकूण ५२ वासे, त्यातल्या १७ ची टोकं गेलेली, एका कोनवाशाची तर हाताने माती काढावी तशी निघाली. दोन तुळया उत्तम, सागवानी, मामा त्यांच्यावरून हात फिरवत बसले होते, म्हणाले असं लाकूड आता बघायला मिळत नाही. तिसरी कापलेली आहे. ओळंबा साहेब, तुम्ही काय ज्योतिष बघता का? पंख्यासाठी कापली म्हणे.

डिस्टेंपरचं कोडं पण सुटलं. माजघराच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत सिमेंट प्लास्टर आणि त्यावर रंग, जुलैत त्याच उंचीला पिवळ्यावर काळपट ढग आलेले. शेजारच्या आजींना विचारलं. म्हणाल्या, माई होती तेव्हा दोन टोप आणि एक बादली ठेवायची, टोप देवघरापाशी आणि बादली जिन्याखाली. मामांनी जिन्याच्या वरचीच कौलं आधी काढली.

न्हाणीघराच्या स्लॅबला खालून सळया दिसतायत, तो पाडायचा. बाकी चिऱ्याच्या भिंती ओळंब्यात आहेत, कोपरे गुंतवलेले आहेत, मागे डोंगर नाही, सपाट बाग आहे. इंजिनियरनी लेखी दिलंय, ताई, 'न बघितलेलं' सकट: पाया खणून बघितला नाही, देवघराच्या मागची भिंत बघितली नाही कारण मालकांनी देव हलवू दिले नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही.

दुरुस्तीचा अंदाज साडेचार ते पाच लाख. रिपोर्ट मालकांपुढे ठेवला, आधी म्हणाले पुण्याची माणसं कागदावरच घर बांधतात, मग आठ दिवसांनी २४ वर आले. घेतोय. गणपती त्यांचा शेवटचा, तो त्यांना त्याच घरात करू द्यायचा ठरलंय, दसऱ्यानंतर छप्पर उतरवणार.

आता एक मदत. दोन-अडीचशे कौलं फुटकी आहेत आणि नवीन घेतली तर जुन्यांच्या खाचेत बसत नाहीत, एक वर राहतं एक खाली. कोणी जुनं घर पाडत असेल तर सांगा, आमच्या कौलाच्या मागचा कारखान्याचा शिक्का पुसट झालाय, फोटो टाकतो.

---

घाट_उतरून

व्यक्तिगत निरोप केलाय. वादळातली माझ्याकडे शंभरेक आहेत, परसात रचून ठेवलीत. येऊन घेऊन जा, पैसे नकोत, फक्त तुमच्या त्या मामांचा नंबर द्या.