जुन्या लष्करी विमानांसोबत मॉडेलचे छायाचित्रण: हवाई प्रदर्शनात नेमके कसे करावे?

प्रश्न: जळगावचा छायाचित्रकार

नमस्कार मंडळी. मी जळगावात व्यक्तिचित्रांचे आणि लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. येत्या एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाला बंगळुरूला जाण्याचा विचार आहे आणि माझी मामेबहीण, जी येथील हौशी रंगभूमीवर काम करते, मॉडेल म्हणून सोबत येण्यास तयार आहे. टायगर मॉथ, हार्वर्ड किंवा डाकोटा यांसारखे जुने विमान पाहायला मिळाले, तर त्याच्यासोबत तिची काही नीटनेटकी छायाचित्रे घ्यावीत अशी मनापासून इच्छा आहे.

इंटरनेटवर अशी छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली. इंग्लंडमधील डक्सफर्ड आणि अमेरिकेतील ऑशकॉश येथील प्रदर्शनांत १९४०च्या दशकातील पोशाख करून आलेली माणसे विमानांजवळ उभी असतात आणि त्यांची चित्रे देखणीही असतात. परंतु त्यांतील बऱ्याच चित्रांत विमान हा मागे लावलेला पडदा वाटतो. ते काढून तेथे एखादी मोटार ठेवली तरी काही बिघडणार नाही, असे वाटत राहते. मला तसे नको आहे. माझी मुख्य अडचण अशी की फिरता पंखा चित्रात फिरताना दिसावा म्हणून शटर हळू ठेवावे लागते, तर मॉडेल स्पष्ट यावी म्हणून ते जलद हवे असते. शिवाय प्रेक्षकांना अडवण्यासाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे जाता येत नाही आणि गर्दीही असते. पोशाख काय असावा, परवानगी कोणाकडे मागावी, विमानाच्या किती जवळ जाणे योग्य, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: धुळ्याचा विमानप्रेमी

दादा, आधी शटरचा हिशेब करू. हार्वर्डचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला साधारण १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० फेरे झाले. सेकंदाच्या १/६० भागात तो अर्धा फेरा पूर्ण करतो आणि पाती दोन असल्यामुळे चित्रात पूर्ण चकती उमटते. १/१२५ ठेवल्यास प्रत्येक पाते सुमारे ८६ अंश फिरते आणि पात्यांचा छान पसरट फराटा मिळतो. १/१००० ला मात्र ते जेमतेम ११ अंश सरकते, त्यामुळे पंखा बंद पडल्यासारखा दिसतो आणि उडते विमान हवेत टांगल्यासारखे वाटते. इंजिन मंद गतीने, म्हणजे मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर चालू असेल, तर १/६० ला पाते फक्त ६० अंश फिरते. तेव्हा आणखी हळू जावे लागेल. जेट विमानांना हा प्रश्नच नाही, तेथे खुशाल १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावे.

आता मॉडेलविषयी. रंगभूमीवरची मुलगी १/६० साठी स्थिर उभी राहू शकते, तो काही मोठा काळ नव्हे. मॉडेल सावलीत असेल आणि फ्लॅश लावला, तर चेहरा मुख्यतः त्या झोतात उमटतो आणि पंख्याचा फराटा भोवतीच्या उजेडात नोंदला जातो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच चित्रात साधतात. १/६० हा वेग बहुतेक कॅमेऱ्यांच्या फ्लॅशच्या मर्यादेत सहज बसतो.

दोरी ही मला अडचण वाटत नाही, उलट तिच्यामुळेच चित्र सुधारते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १३५ मिलिमीटरची लेन्स घ्या, कॅमेरा आडवा धरा, मॉडेलला दोरीच्या अलीकडेच आपल्यापासून १० मीटरवर उभे करा आणि विमान ५० मीटरवर असू द्या. १० मीटरवर चित्राची उंची सुमारे १.८ मीटर भरते, म्हणून मॉडेल पायापासून डोक्यापर्यंत मावते. ५० मीटरवर रुंदी सुमारे १३.३ मीटर भरते आणि हार्वर्डच्या पंखांचा विस्तार १२.८ मीटर आहे. म्हणजे माणूस आणि अख्खे विमान एकमेकांच्या तोलाचे दिसतात, आणि प्रत्यक्षात तुमची बहीण फिरत्या पंख्यापासून ४० मीटर दूर, सुरक्षित असते. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ ८ किंवा ११ ठेवल्यास विमान थोडे मऊ येईल, पण ओळखू येईल इतके स्पष्ट राहील. ट्रायपॉड किंवा निदान एकपायी स्टँड अवश्य वापरा, कारण १३५ च्या लेन्सवर १/६० हातात धरून घेणे भरवशाचे नाही.

याउलट विमान वर आकाशात आणि मॉडेल खाली, दोन्ही स्पष्ट हवी असतील, तर ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ११ आणि सुमारे ३.७ मीटरवर फोकस ठेवा, साधारण १.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. विमान लहान दिसेल, पण मान वर करून पाहणारी व्यक्ती आणि ती जे पाहते आहे ते, दोन्ही एका चौकटीत येतात. मला स्वतःला हा प्रकार जास्त आवडतो, कारण त्यात मॉडेलला काहीतरी करायला मिळते.

या मापांचा सराव घरी करता येईल. रावेर-सावद्याकडे मोकळ्या जागेत केळीचा ट्रक ५० मीटरवर आडवा उभा करून पाहा, म्हणजे प्रदर्शनात अंतरे शोधत बसावे लागणार नाही.

उत्तर: चाळीसगावचे काका, निवृत्त वायुसैनिक

वरच्या उत्तरातील अंतराचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यात माझी भर अशी की बंद पंख्याच्या वर्तुळातही मॉडेलला उभे करू नये आणि पात्याला हात तर मुळीच लावू देऊ नये. जुन्या पिस्टन इंजिनात ठिणगी मॅग्नेटो देतो आणि त्याला बॅटरीची गरज नसते. स्विच बंद असला, पण मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असली, तर पाते हाताने हलवताच इंजिन एक धक्का देऊ शकते. पाते धरून हसतमुख उभे राहण्याची जी पद्धत पडली आहे, ती म्हणूनच वाईट आहे.

टायगर मॉथच्या पंखांवर कापड ताणलेले असते, आत लाकडी सांगाडा असतो. खालच्या पंखावर धडालगत पाय ठेवायची ठरावीक पट्टी असते. तिच्या बाहेर टाच पडली तर कापड फाटते. बांगड्या, अंगठ्या, पट्ट्याचे बक्कल यांनी रंगावर ओरखडे उठतात. टोकाकडील पिटो नळीला (वेग मोजण्यासाठीची बारीक नळी) आधारासाठी धरू नये. हार्वर्डच्या इंजिनाखाली उभे राहाल तर खालच्या सिलिंडरांतून गळणारे तेल थेट कपड्यांवर पडेल, आणि ते डाग निघत नाहीत. सैल ओढणी, टोपी, केसांतल्या पिना धावपट्टीलगतच्या फरशीवर पडू देऊ नयेत; तेवढी एक पिन जेट इंजिनाचे मोठे नुकसान करू शकते. जुन्या लढाऊ जेटच्या कॉकपिटमध्ये, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन निष्क्रिय केले आहे असे तेथील जबाबदार माणसाने सांगितल्याशिवाय कोणालाही बसवू नये.

गणवेशाविषयी स्पष्ट सांगतो. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. छायाचित्राचा हेतू तसा नसला, तरी गर्दीच्या प्रदर्शनात हुद्द्याच्या पट्ट्या आणि पदके लावून फिरणे टाळावे. पदके ज्यांनी मिळवली त्यांचीच असतात.

आणि विमान कोणाचे, कशासाठी ओळखले जाते, हे मॉडेलला आधी सांगा. वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटमधील (जुनी विमाने उडती ठेवणाऱ्या पथकातील) डाकोटाचे नाव ‘परशुराम’ आहे आणि त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक. नॅट हे लढाऊ विमान पाहाल, तर १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात नॅट घेऊन लढताना धारातीर्थी पडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आठवा. वायुसेनेतील परमवीरचक्राचे ते एकमेव मानकरी आहेत. हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती त्या विमानाला ओठंगून उभी राहणार नाही, तिला वेगळे सांगावेही लागणार नाही. तुम्ही पडद्याची जी तक्रार केली, तिचे मूळ मला येथेच दिसते.

उत्तर: भुसावळची वेशभूषाकार

काकांचे म्हणणे पटले, आणि पोशाखाचा विचारही तेथूनच सुरू व्हावा. परदेशी चित्रांतील पिनअप (त्या काळच्या भिंतीवर लावायच्या चित्रांतल्या तरुणींच्या) पोशाखाची नक्कल आपण का करावी? १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ हे विमान एकटीने उडवले, तेव्हा त्या साडी नेसल्या होत्या. टायगर मॉथ हे त्याच डी हॅविलंड कंपनीचे, १९३१ साली प्रथम उडालेले विमान. त्याच्याजवळ काठाची सुती साडी, पूर्ण बाह्यांचे पोलके, चापून बांधलेला अंबाडा, हातात चामडी टोपी आणि गॉगल एवढे असले की पुरे. पदर मात्र कमरेला घट्ट खोचा, वाऱ्यावर मोकळा सोडू नका.

विमानाचे वर्ष आणि पोशाखाचे वर्ष जुळलेच पाहिजे. मिग २१ आपल्याकडे १९६३ मध्ये आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. त्याच्यासमोर १९४०ची केशरचना विसंगत दिसेल, १९७०च्या दशकातील बेलबॉटम किंवा साधा सलवार-कमीज शोभेल. पायांत सपाट, मऊ तळव्याचे बूट हवेत. प्रखर लाल रंग मी एरवी टाळते, पण चकचकीत धातूच्या विमानाजवळ त्याचे प्रतिबिंब पत्र्यावर उतरते आणि फार सुंदर दिसते. त्याच पत्र्यात छायाचित्रकारही दिसतो, म्हणून दादा, तुम्ही स्वतः काळे किंवा गडद कपडे घाला.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साडीची सूचना बहिणीला वाचून दाखवली, तिने आजीच्या पेटीतून काठाची सुती साडी काढूनही ठेवली आहे. एक शंका उरली: धातूवरील चमक पोलरायझर फिल्टरने जाईल का? आणि बंगळुरूच्या दुपारच्या उन्हाचे काय करावे?

उत्तर: धुळ्याचा विमानप्रेमी

रंगवलेल्या भागावरची आणि कॉकपिटच्या काचेवरची चमक पोलरायझरने बरीच कमी होते. उघड्या धातूवरची जात नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश त्या प्रकारे ध्रुवित होत नाही, म्हणजे एकाच दिशेत कंप पावत नाही. तेथे आपणच जागा बदलावी. दुपारी उभ्या विमानाजवळ जाण्याची मुभा मिळाली, तर मॉडेलला पंखाच्या सावलीच्या कडेला उभे करा. फरशीचे काँक्रीट खालून उजेड परतवते आणि हनुवटीखालची सावली आपोआप उजळते, रिफ्लेक्टरची गरज क्वचितच भासते. मात्र खरा उजेड सकाळी पहिल्या तासात असतो आणि तेव्हाच गर्दीही विरळ असते. एअरो इंडियात पहिले दिवस व्यावसायिकांसाठी आणि शेवटचे सर्वसामान्यांसाठी असतात, हे लक्षात घेऊन तिकीट काढा.

परवानगीसाठी आयोजकांना आधीच लेखी विचारा. पत्रात व्यक्तींची संख्या, साहित्य, पोशाख आणि छायाचित्रांचा उपयोग व्यावसायिक आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. स्टँड आणि फ्लॅश आत नेता येतात का, हे वेगळे विचारा. ड्रोनचा विचारही करू नका. प्रत्यक्ष विमानापाशी जो कर्मचारी उभा असेल त्याला ते पत्र दाखवून पुन्हा विचारा, आणि त्याने नको म्हटले तर पत्र हातात असूनही थांबा.